अर्धी थट्टा

माझ्यासमोर चार माणसं हसली की मी आधी ओढणी तपासते, मग पाठीवरून हात फिरवते, आणि मग लक्षात येतं की तोंड राहिलं. तोंडाला काही करता येत नाही. ते आईकडून आलं आहे. नाक बसकं, गालाची हाडं वर आलेली, डोळे बारीक. नाचणगावात जन्मले, तिथेच वाढले, ज्वारीची भाकर आणि ठेच्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही, तरी पुलगावच्या बाजारात नवा दुकानदार माझ्याशी हिंदीत बोलतो. मी मराठीत भाव पाडायला लागले की तो शेजारच्या दुकानदाराकडे बघून हसतो. त्या हसण्यात नेमकं काय आहे, हे ओळखण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे. मी पाणीसुद्धा फुंकून पिते.

वडील फौजेत होते. आसामच्या टोकाला, जिथून भूतानचे डोंगर दिसतात, तिथे त्यांची बदली झाली आणि परत येताना ते आईला घेऊन आले. पुढे ते पुलगावच्या लष्करी डेपोत लागले आणि नाचणगावात घर केलं. गल्लीनं आईला पाहिलं आणि नाव ठेवून टाकलं, नेपाळीण. नेपाळ कुठे, आसाम कुठे, पण गल्लीला नकाशाशी काय देणंघेणं! पोरं 'ए चायना' म्हणून पळायची. दूधवाला माप ओतता ओतता विचारायचा, "वयनी, तुमच्याइकडे साप खातेत म्हने?" एकदा कोपऱ्यावरच्या घरचा कुत्रा दिसेनासा झाला, तर जाणारायेणारा आमच्या स्वयंपाकघराकडे बघून हसायला लागला. पुढे तो कुत्रा कुठल्याशा लग्नाच्या पंगतीवर पोट फुगवून आपणहून परत आला. बाई, आम्ही उगाच बोललो, असं म्हणायला मात्र कोणी आलं नाही. गंमतच तर होती. गमतीची माफी कोण मागतं?

आई या सगळ्यांवर हसायची. ओठांवर मूठ धरून, खांदे हलवत हसायची. मला तिचा राग यायचा. ती खरंच हसते की नुसती हसून दाखवते, हे मला कळत नसे, आणि विचारायची हिंमत होत नसे.

भिंतीला भिंत लागून काकूंचं घर होतं. पुढे त्यांचं किराणा दुकान, मागे घर. माहेर रोहण्याचं. काकूंच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकून असे. उधारी बुडवणारा माणूससुद्धा दुकानावरून जाताना मान खाली घालायचा. आई नवी नवी आली तेव्हा तिला ना भाषा येत होती ना आमची चूल. दूध तापायला ठेवून ती दारात उभी राहायची आणि दूध हमखास उतू जायचं. काकू भिंतीवरून ओरडायच्या, "डोये उघड वो माय, दूध उतू जाऊन राह्यलं!" आईला मराठी यायला लागली तसं एक दिवस तिनं भिंतीकडे बघून उत्तर दिलं, "ताई, तुमी तोंड बंद करा, दूध फाटून जाईल."

काकू म्हणे भिंतीला धरून खाली बसल्या होत्या हसून हसून. तेव्हापासून ते सुरूच राहिलं. माझ्या सगळ्या लहानपणात भिंतीच्या अलीकडून आणि पलीकडून ही दोन वाक्यं जोडीनं आली. दूध उतू गेलं नाही तरी यायची. सणाला, भांडणानंतर, आई तापानं पडली होती तेव्हासुद्धा. एकीच्या डोळ्यांवर, दुसरीच्या तोंडावर. मला त्यात कधी काही खुपलं नाही, आणि मला तर काहीही खुपतं.

माझं शिक्षण झालं, पुलगावात एका शाळेवर लागले, आणि लग्नाचं बघणं सुरू झालं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. फोटो जायचा, माणसं यायची, चहा पिऊन जायची आणि पत्रिका जुळत नाही म्हणून निरोप यायचा. ज्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती, त्यांचीही जुळत नव्हती. आई काही बोलायची नाही. पण एकदा तिला मी आरशासमोर बघितलं. ती स्वतःचा गाल बोटानं दाबून बघत होती आणि भिंतीवरच्या माझ्या फोटोकडे बघत होती. तिच्या मनात काय चाललंय ते सांगायला कोणी लागत नव्हतं. आपलं तोंड पोरीच्या आड आलं, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

अशात काकूंनी रोहण्याचं स्थळ आणलं. त्यांच्या भावाच्या ओळखीतला मुलगा, जिल्हा परिषदेत कारकून. फोटो बघून त्यानं हो म्हटलं होतं. मला लगेच शंका आली. फोटोत माझं तोंड नीट दिसत नसेल, नाहीतर मुलातच काही खोट असेल. काकू वैतागल्या. "तुले देव भेटला तं त्याले बी ओळखपत्र मांगशीन तू!"

मुलगा आधी एकदा दुकानावर आला होता तेव्हा मी त्याला चोरून पाहिलं होतं. त्यानं काकूंकडून सुपारी घेतली आणि सुटे नाहीत म्हणून ओशाळला. बस, एवढंच. पण तो मला आवडला होता. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

ते लोक आले तेव्हा एप्रिल होता. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. आमच्या बैठकीत कूलर लावला होता आणि तो ट्रकसारखा घरघरत होता, त्यामुळे सगळे मोठ्यानं बोलत होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. मामा आर्वीला असायचे, खताबियाण्याचं दुकान होतं, आणि माणूस मोठा हसरा. आल्या आल्या त्यांनी वडिलांच्या मिशीवर, कूलरवर, स्वतःच्या पोटावर विनोद करून घेतले. आई आलुबोंडे तळत होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या म्हणून.

मला पाटावर बसवलं. मान खाली. आमच्याकडे पाटावर बसलेल्या मुलीनं मान वर करायची नसते, कोणी म्हणेपर्यंत. त्यामुळे मला फक्त पाय दिसत होते. मुलाचे पाय राखाडी मोज्यातले, जवळ जवळ ठेवलेले. मामांचे उघडे, पसरलेले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मी सांगितलं. मग मामा म्हणाले, "मान वर कर पोरी, पाहू दे."

मी मान जराशी उचलली.

"डोये उघड वो माय," मामा म्हणाले, "नाईतं दूध उतू जाईन!"

हशा झाला. मोठा हशा. कूलरच्या घरघरीत कोणाचा आवाज कोणता ते कळेना. माझी मान पुन्हा खाली गेली होती. मला फक्त एवढं दिसलं की राखाडी मोज्यातला एक पाय हलला. अंगठा वर झाला आणि खाली आला. हसताना पाय हलतो. अवघडल्यावरही हलतो. त्या अंगठ्याची मी पुढे कित्येक दिवस उलटतपासणी घेतली.

पण त्या क्षणी मला चटका बसला तो वेगळाच. बैठकीत दूध नव्हतंच. चहासुद्धा अजून यायचा होता. हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरातलं होतं. भिंतीवरचं होतं. आर्वीच्या या माणसाच्या तोंडात ते आलं कसं? घराबाहेर हे वाक्य माहीत असलेलं एकच माणूस होतं आणि ते दारात बसलं होतं.

आणि मग मला आईचं हसणं ऐकू आलं. तेवढं मी हजारात ओळखते.

मुलाला आणि मला दोन मिनिटं बोलायला मागच्या अंगणात पाठवलं. नळाला पाणी नव्हतं तरी तो नळ सोडून बघत होता.

"तुम्ही हसलात का?" मी विचारलं.

"काऊन?"

"मामा बोलले तेव्हा. तुम्ही हसलात का?"

"मामाचा स्वभावच तसा हाय. मनात काई नसते त्याच्या."

"मी मामांचं विचारलं नाही."

त्यानं नळ बंद केला. विचार केला. आणि मग, एकदम उत्तर सापडल्यासारखा, मोकळा होऊन म्हणाला, "सारेच हासले. तुमच्या आई बी हासल्या."

त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं, हे मी आजही सांगते. त्याला खरोखर वाटलं की आई हसली म्हणजे प्रश्न मिटला. मला तो अजूनही आवडत होता, आणि त्याच वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. जो घरी नेऊन बसवेल तोच असा पुरावा देणार असेल, तर तिथे रोज कोणाकोणाच्या पायाकडे बघत बसू?

चार दिवसांत निरोप आला. मुलगी पसंत. काकू पेढे घेऊन आल्या. मी पेढा हातात घेतला नाही.

"काकू, ते दुधाचं मामांना कोणी सांगितलं?"

काकूंचा हात तसाच राहिला. आई ओट्याशी उभी होती, तिनं वळून पाहिलं.

"मीच सांगतलं," काकू म्हणाल्या. "भावाच्या घरी बसलो होतो सारे. पोराचे मामा इचारत होते, मानसं कसे हायेत. म्या म्हटलं, बहिनीसारखं हाय आमचं. मी तिले असं म्हनतो अन् ते मले असं म्हनते. दोन्ही सांगतलं वो! दोन्ही! माह्या तोंडाचं बी सांगतलं. सारे पोट धरून हासले."

"मामा फक्त आईच्या डोळ्यांचं घेऊन आले."

"हो ना," काकू म्हणाल्या. पेढ्याचा डबा त्यांनी मांडीवर ठेवला. "त्यानं अर्धंच आनलं."

त्या खरं बोलत होत्या का? मला वाटतं, हो. तरी मनाचा एक कोपरा म्हणत राहिला की रोहण्याला त्या आधी कशावर हसल्या असतील, आईच्या उत्तरावर की आईच्या डोळ्यांवर? असल्या प्रश्नाला उत्तर नसतं. मी तो विचारला नाही. पण माझ्या तोंडावर तो त्यांना दिसला असणार, कारण काकू उठल्या आणि डबा तिथेच ठेवून गेल्या.

मी नकार दिला. वडील म्हणाले, तुझी मर्जी. आई मात्र भडकली. मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मी कशाला हसले मग तिथे? तुझ्यासाठी हसले. इतके साल हसत आले म्हणून या गल्लीत राहिले मी. तू एक दिवस नाही हसू शकत?"

"काकूंच्या बोलण्यावर पण असंच हसायचीस? राहायला मिळावं म्हणून?"

 मला वाटलं, आता ती हो म्हणेल आणि माझ्या लहानपणातलं ते एक न खुपणारंही जाईल.

"ताईसोबत हसते तेव्हा गाल दुखत नाही," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांसोबत दुखतात." आणि तिनं बोटानं गाल असा दाबला, जसा मी तिला आरशासमोर दाबताना पाहिलं होतं. मी तेव्हा चूक समजले होते. ती तोंड बघत नव्हती, तिचे गाल दुखत होते. इतकी वर्षं.

मला रडू आलं. तिला नाही आलं. ती पोळ्या लाटायला लागली.

पुढे माझं लग्न झालं, दुसरीकडे, देवळीला, आणि सुखाचं झालं. तिथेही लोक हसतात. नवरा हसत नाही, आणि बाकीच्यांना कधी कधी विचारतो की कशाला हसलात. विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही.

काकूंनी मात्र ते वाक्य पुन्हा कधी म्हटलं नाही. येणंजाणं तुटलं नाही. लोणचं आलं, वड्या आल्या, माझ्या बाळंतपणात त्या आईसोबत येऊन राहिल्या. पण भिंतीवरून ओरडणं बंद. सुरुवातीला मला बरं वाटलं. मग माहेरी गेले की चुकल्यासारखं वाटायला लागलं. काकू आमच्या घरात शब्द मोजून बोलायला लागल्या होत्या, परक्यासारख्या. एकदा आईच मला हळूच म्हणाली, "ताई आता माझ्याकडे बघत नाही बोलताना."

वडील गेले त्याच्या नंतरच्या दिवाळीत मी माहेरी होते. आईच्या घरी तोवर गॅस आला होता. दूध ठेवून ती मोहरी निवडत बसली होती, आणि काकू दारात उभ्या होत्या, हातात चकल्यांची ताटली. दूध चढायला लागलं. आईला ते दिसत होतं. मी समोर होते, मी सांगते, तिला दिसत होतं. तिनं हात हलवला नाही. ती काकूंकडे बघत राहिली. साय फुगली, काठावर आली, दूध भांड्यावरून उतरून शेगडीवर चरचरलं. करपल्याचा वास सुटला. काकू आत आल्या, पदरानं धरून बटण बंद केलं आणि ओटा पुसायला फडकं शोधायला लागल्या. एक शब्द नाही.

आई अजून वाट पाहत होती. मग तिनंच तिचं अर्धं म्हटलं.

"ताई, तुमी तोंड बंद करा. दूध फाटून जाईल."

काकू ओटा पुसत होत्या. त्यांचं तोंड बंदच होतं.