चालताना दिसलेला सेबल

मी समोर बसले तरी आमच्या ह्यांना माझा चेहरा दिसेनासा झाला, पण कानातल्या कुड्या मात्र दिसत राहिल्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, असं नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे जिथे बघावं तिथे धुक्याचा ठिपका, आणि कडेकडेनं सगळं जग शाबूत. डावा डोळा आधीच गेला होता, उजव्यात इंजेक्शनं चालू होती. "कुठे फिरायला जायचं मनात असेल तर पुढे ढकलू नका," डॉक्टर म्हणाले. परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये हे मला म्हणतात, "बरं झालं. तू रागावलीस की नाही, आता कळायचं नाही."

मी म्हटलं, "आवाजावरून कळेल, काळजी करू नका."

ह्यांचं लहानपण सोलापूरकडच्या माळावर गेलं. काळविटांचे कळप बघत शाळेत जायचे. पुढे देश सोडून सगळी नोकरी इकडे जुरोंग आयलंडच्या तेल कारखान्यात, पाइप आणि टाक्यांच्या गर्दीत, पण मन माळावरच राहिलं. आफ्रिकेत सेबल नावाचं हरीण असतं. काळविटाचा थोरला भाऊच म्हणा ना. घोड्याएवढं अंग, नराचा रंग काळाभोर, पोट पांढरं, आणि शिंगं मागे कमानीसारखी वळलेली. ते एकदा तरी बघायचं, हे ह्यांनी लग्नानंतर मला सांगितलं होतं, आणि मी त्यावर, आधी गॅसचा सिलिंडर बघा, असं काहीतरी म्हटलं असणार.

लेकीनं मनावर घेतलं. तिच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या भावानं झांबियात शिकारीचं रान सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेतलंय. तिथे शिकारी यायचे नव्हते असा एक आठवडा मोकळा होता. शिकारीचं रान म्हटल्यावर माझा चेहरा पडला, तो ह्यांना दिसला नाही एवढंच. सेंगकांगच्या घरी नात आमच्या जावयाजवळ राहिली, आम्ही तिघं निघालो. निघताना इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून मला सांगते, "आजी, लायन आला तर रन करू नको, लाह."

"मी आता कुठली पळतेय," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, उन्हाळ्याच्या शेवटी गेलोय, सगळं करपलेलं असणार. तर ते रान तांबडंलाल. पाऊस यायच्या आधीच तिथली झाडं पालवतात, आणि पालवी आपल्या आंब्यासारखी, कोवळी, तांब्याच्या रंगाची, उन्हात आरपार दिसणारी. अशी झाडंच झाडं, नजर जाईल तिथवर. मधेमधे गवताची लांबलचक मोकळी पट्टी. तिथलं जुनं गवत मुद्दाम जाळतात, काळ्या राखेतून पोपटी कोंब वर येतात, आणि ते खायला जनावरं उतरतात. माझ्या डोक्याच्या वर गेलेली वारुळं. वाळलेल्या चिखलात हत्तीची पावलं, एकेक परातीएवढं. रानडुकरांचं कुटुंब शेपट्या ताठ उभ्या करून पळताना बघितलं आणि मी जीपमध्ये इतकी हसले की लेकीनं माझा गुडघा दाबला.

त्रासही होता, नाही असं नाही. डोळ्यांच्या कोपऱ्यातलं पाणी प्यायला चिलटांएवढ्या माश्या येतात. दुसऱ्या मोठ्या माश्या कापडातून चावतात. त्यांना पिटाळायला जीपच्या मागे डब्यात हत्तीचं शेण धुमसत ठेवतात. वास गोवऱ्यांचा. मला तर बरंच वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी मी रानाच्या मालकाला विचारलं. इंग्रजी माझं कानानं शिकलेलं, पण अडत नाही. म्हटलं, "एवढं जपता यांना, मग मारता कसे?"

तो रागावला नाही. म्हणाला, "कळपातून बाहेर पडलेले थोडेच म्हातारे नर मारू देतो. त्या पैशावर माझी माणसं वर्षभर चोरट्या शिकाऱ्यांचे फासे काढत फिरतात. या माश्यांमध्ये साधे पर्यटक कोण येणार, आजी? शिकार बंद झाली तर झाडं तोडून इथे कोळशाच्या भट्ट्या लागतील."

"म्हाताऱ्यांवरच बरा डोळा तुमचा," मी म्हटलं. तो मोठ्यानं हसला. मला पटलं असं म्हणत नाही. पण माणसाचा आवाज नसलेलं एवढं रान मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि ते त्याच्यामुळे उभं होतं, हेही खोटं नाही.

आता सेबल. शिकारीच्या रानातली जनावरं पार्कातल्यासारखी गाडीला सरावलेली नसतात. लांबूनच थबकतात, बघतात, निघून जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीनं बाबांचा हात धरला. "बाबा, ते बघा, त्या मोठ्या झाडाच्या सावलीत. उभा आहे."

खरंच होता. दूर, सावलीतली दुसरी सावली असावी तसा. ह्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "वा, काय जनावर आहे."

लेकीचा चेहरा असा फुलला की काय सांगू. पण मान वळली होती ती शेजारच्या वारुळाकडे. मी एवढी बोलकी बाई, त्या वेळी तोंडाला कुलूप घालून बसले.

तंबूत आल्यावर विचारलं, "दिसला नाही ना?"

"नाही गं. नुसतं धुकं. तिला बोलू नकोस, पोरीनं एवढं केलंय."

शेवटच्या सकाळी पायी निघालो. माग काढणारा पुढे, हातात राखेची पुरचुंडी. ती झटकून वारा कुठून येतोय ते बघायचा. गवताच्या कडेला एका वारुळाला टेकून आम्ही बसलो. पलीकडे झाडांची तांबडी रांग. सगळे समोर डोळे लावून. हे मात्र भलतीकडेच, डावीकडे तोंड करून. मनात म्हटलं, आज धड नाटकही करत नाहीत.

तेवढ्यात हे हळूच म्हणाले, "उजव्या हाताला काहीतरी चाललंय."

माग काढणाऱ्याला मी खुणावलं. त्यानं दुर्बीण लावली, आणि हात खाली दाबून आम्हाला सांगितलं, हलू नका.

झाडांतून आधी तपकिरी माद्या आल्या, पिल्लांना घेऊन. आणि सगळ्यांच्या मागून तो. अरे, काय त्याची चाल. मान अशी वाकवलेली, जसं काही ती शिंगं तोलणं हाच त्याचा मोठेपणा. काळ्या अंगावर ऊन तेलासारखं ओघळत होतं. पायाखालून राखेचे छोटे लोट उठत होते. हे तोंड डावीकडेच ठेवून, डोळ्याच्या कडेनं बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. "काळा... पोट पांढरं... हां... हां..."

मग वारा फिरला असावा. सेबल जागच्या जागी थांबला आणि सरळ आमच्याकडे बघायला लागला. मी श्वास धरला. एवढ्या जवळून, एवढा स्वच्छ, समोरच उभा.

हे म्हणाले, "गेला का गं?"

लेकीनं ऐकलं. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला त्या दुपारचं कळलं, तिथल्या तिथे.

मी कुजबुजले, "नाही हो. उभा आहे. आपल्याकडेच बघतोय."

"बघू दे त्याला. लांबचं कडेनं हलतं तेवढंच कळतं मला. मी चालताना बघितला."

थोड्या वेळानं पुन्हा हेच म्हणाले, "निघाला," आणि खरंच, कळप वळून झाडांत शिरत होता.

जीपकडे जाताना लेक म्हणाली, "बाबा, त्या दुपारी दिसला नव्हता ना? मग वा कशाला म्हणालात?"

"तू इतक्या हौसेनं दाखवत होतीस."

ती बाबांचा हात धरून चालली, आणि वाटेतल्या वाळक्या फांद्या पायानं बाजूला सारत राहिली.

आता ती ह्यांना न हलणाऱ्या गोष्टी दाखवतच नाही. परवा संध्याकाळी सेंगकांगच्या पाण्याकाठी पाणमांजरं दगडांवर पसरली होती. लोक फोन काढून उभे. लेकीनं बाबांना बाकावर बसवलं आणि म्हणाली, "थांबा बाबा, हलली की सांगते."

"तू कशाला सांगतेस," हे म्हणाले, "मलाच आधी कळेल," आणि तोंड भलतीकडे करून बसले.