जिन्यात सांडलेली पुस्तकं

नवऱ्याची बदली अंबाजोगाईला झाली आणि बीडमधलं आमचं बिऱ्हाड एका टेम्पोत मावलं. भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सामान चढवताना पुस्तकांच्या खोक्याचा तळ सुटला आणि सगळी पुस्तकं जिन्यात सांडली. आवाज ऐकून खालच्या खोलीतल्या मावशी बाहेर आल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्याच राहायच्या. काही न विचारता त्या खाली बसून पुस्तकं गोळा करू लागल्या.

एक जाडजूड, कव्हर गेलेलं पुस्तक उचलून म्हणाल्या, "हे कशाचं गं?"

"शब्दकोश. माझं सगळ्यात आवडतं."

"शब्दकोश आवडीनं कुनी वाचतं व्हय? कावून?"

मी सांगितलं. आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्यांच्याबरोबर मीही. फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, दुसरं पुस्तकच नव्हतं. शाळेतल्या बाईंनी दिलेला तो शब्दकोशच मी गोष्टीसारखा वाचायचे.

मावशी पायरीवर टेकल्या. "मला हिमालयाच्या प्रवासाचं एक पुस्तक लई आवडायचं. ड्युटीवर डबा खाताना दोन-दोन पानं वाचायचे. मी बीडजवळच्या नारायणगडापलीकडं कुठं गेले न्हाई, पन त्या बर्फात लई चालले."

टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा कुठं आम्ही उठलो.

दोन महिने मी काम शोधत होते. दोन शाळांनी नाही म्हटलं, तिसरीनं अर्जच ठेवून घेतला नाही. मग एका दुपारी मावशीच वर आल्या. "कालिजच्या लायब्ररीत मानूस पायजे म्हनं. पदर खोच, चल."

ग्रंथपालांनी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग दाखवला आणि विषयवार लावायला सांगितलं. अर्धा ढीग लावला आणि एका पुस्तकात अडकले. उभ्या उभ्या चार पानं वाचली. मान वर केली तर ग्रंथपाल सर समोर उभे. गेलं काम, असंच वाटलं.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

मी घाबरत सांगायला लागले आणि सांगतच राहिले. ते हसले. "उरलेला ढीग लावा. उद्या दहाला या."

बाहेर मावशी तासाभरापासून उन्हात बाकावर बसल्या होत्या. उद्या दहाला बोलावलंय, हे सांगताना माझे डोळे भरून आले. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि माझं पिऊन होईपर्यंत पाठीवर हात ठेवला.

आज मी त्याच लायब्ररीत कायम आहे. मावशींना हे सगळं करायला कुणी सांगितलं नव्हतं, हे अजून मनातून जात नाही.

काम मिळालं त्या संध्याकाळी आईला फोन केला. लायब्ररी म्हणजे काय हे तिला नीट समजेना. तिनं एकच विचारलं, "बसून काम हाय का?"

"हो. पंख्याखाली."

 तिनं वडिलांना हाक मारलेली ऐकू आली, "आवं, इकडं या! पोरीला सावलीतलं काम लागलं!"