नाव सांगितल्याशिवाय पाणी न दाखवणारी विहीर

मंडळी, आधीच सांगतो. भूत, चकवा, हडळ यातलं मी काहीही मानत नाही. मी सरकारच्या भूजल खात्यात भूवैज्ञानिक आहे. जमिनीखाली काय असतं ते मला पगार घेऊन माहीत आहे... दगड, मुरूम आणि नशीब असेल तर पाणी. तरीही हे लिहितोय.

देशभर ठिकठिकाणी निरीक्षण विहिरी ठरवून ठेवलेल्या असतात. ठरलेल्या हंगामात जायचं, पाणी किती खोल आहे ते मोजायचं. पद्धत अगदी साधी. स्टीलच्या टेपचं टोक खडूनं पांढरं करायचं, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. यात भुताला कुठे जागा आहे, सांगा!

ही विहीर धुळ्याहून पारोळ्याकडे येताना हायवे सोडून आत, एका कपाशीच्या शेतात आहे. गावाचं नाव सांगत नाही, उद्या रीलवाल्यांची जत्रा भरेल. मे महिना, भर दुपार. ऊन असं, की कावळे उडायचं सोडून आमच्या जीपच्या सावलीतून पायी चालत होते.

बरोबर आमचे नवे साहेब. पुण्याचे. म्हणजे तसं ते सकाळ-संध्याकाळ सांगायचे. "आमच्या पुण्यात..." म्हटल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही.

त्या दिवशीच्या मापाला महत्त्व होतं. गावातल्या एका गल्लीला नळाचं पाणी चढत नव्हतं, म्हणून नवी बोअर मागितली होती. माझं आणि साहेबांचं माप जुळलं तर शिफारस, नाहीतर प्रस्ताव परत. शेताची मालकीण अक्का त्याच गल्लीतली. ती कमरेवर हात ठेवून काठावर उभीच होती.

मी टेप सोडली. खाली पाणी लखलखत होतं. डुबुक आवाजही आला. टेप वर ओढली... खडू कोरडा! पापडासारखा कोरडा.

"असं कसं व्हई?" अक्का म्हणाली. "नाव सांगं का तुम्ही? आधी नाव सांगा, गाव सांगा. बिननावना मानूसले आमनी हीर पानी दखाडत नही."

मला हसू आलं. पण म्हटलं, मान ठेवू. विहिरीत वाकून ओरडलो, "मी असोद्याचा, केळीवाल्यांच्या घरातला!" आणि नावही सांगितलं. टेप सोडली. खडू चांगला वीतभर ओला!

"योगायोग," साहेब म्हणाले. "आण इकडे." त्यांनी खडू लावला, टेप सोडली. डुबुक. वर काढली तर कोरडी.

"साहेब, नाव..." मी हळूच म्हणालो.

"मी शास्त्रज्ञ आहे."

"मंग राहू द्या," अक्का म्हणाली. "बठ्ठी गल्लीले सांगस, पुन्याना शास्त्रज्ञ ऊनता, कोरडा गया."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घसा खाकरून नाव सांगितलं. "गाव पुणे!" विहिरीतून घुमून आलं, 'पुणे... पुणे...' टेप वर आली. कोरडीच. टेप बदलली, खडू बदलला, साहेबांनी शेवटी चष्माही बदलला. कोरडी.

अक्काची मस्करी आता संपली. बोअर तिच्या डोळ्यांसमोर मागे सरकत होती. "साहेब," ती हात जोडून म्हणाली, "खोटं नका बोलू. खरं गाव सांगा ना."

साहेबांचा चेहरा पिकल्या टमाट्यासारखा झाला. मला म्हणाले, "तू जीपजवळ जा." मी गेलो. कान मात्र तिथेच ठेवून गेलो. साहेब कठड्यावर वाकले आणि असे काही ओरडले, की शेतातली बकरी दचकली...

"मी पारोयाना शे व माय!" म्हणजे साहेब इथलेच, पारोळ्याचे!

टेप वर आली. खडू वीतभर ओला, थेट माझ्या मापाला जुळणारा.

"पारोयाना?" अक्कानं डोक्यावरचा पदर सावरला. "आधी सांगता नही येस? चाला, जेवाले चाला!" त्या दुपारी साहेबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेऊन जो हात मारला, त्यात पुणं कुठेच नव्हतं. बोअर मंजूर झाली, पाणी लागलं. साहेब आता फोनवर आईशी अहिराणीतच बोलतात, तेही ऑफिसात, मोठ्यानं.

कारण मी खूप शोधलं. टेपला तेल लागलं होतं का? खडू निराळा होता का? काळ्या खडकातल्या भेगांतून पाणी वर-खाली होतं का? पण पाणी होतं तिथेच होतं, भिजत नव्हता तो खडू.

इथे पाठवण्याआधी हा अनुभव मी त्या विहिरीच्या काठावर मोबाइलवरून मोठ्यानं वाचला. म्हटलं, खात्री करून घेऊ. मग टेप सोडली. वर आली तेव्हा टेपची एक कड ओली, दुसरी कोरडी. उभी, सरळ, जणू कुणी रेघ मारलीय!

अक्कानं टेप निरखली, मग मला निरखलं. "भाऊ, ते कावळास्नं काढी टाक."

आता काय सांगू... कावळे खरंच चालत होते हो! म्हणून ते वाक्य तसंच ठेवलंय, दुसरी कड कोरडी राहिली तर राहू दे.