नानाच्या वाटणीचं ताट

सगळा दोष नानाचा. हे आधीच लिहून टाकतो, कारण वाचता वाचता तुम्हाला भलतंच वाटायला लागेल आणि तुम्ही बोट माझ्याकडं कराल. चहा निवला तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐका. अशी फजिती आख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची झाली असेल, तर मी त्याच्या दारात जाऊन कान पकडतो!

नाना म्हणजे माझा थोरला चुलता. निवृत्त ग्रामसेवक. आमचं गाव उदगीरच्या अलीकडं. नाना रस्त्यानं निघाला की दर चाळीस पावलांवर थांबणार, समोर येईल त्याला रामराम घालणार आणि त्याची म्हैस व्याली का, सून माहेरून आली का, सगळं विचारणार. गाव म्हणायचं, "नाना लई मायाळू माणूस."

मायाळू! अहो, त्याची पोटरी धरायची. चाललं की कळ, थांबलं की बंद. ते लपवायला हा माणूस तीन वर्षं लोकांच्या म्हशींची चौकशी करून राहिला होता!

हे ओळखलं कुणी? मी. नांदेडला बीएस्सीचं दुसरं वर्ष सोडून आलेला मी. सर वहीतलं वाचणार आणि आम्ही ते वहीत उतरवणार, त्यासाठी घर कशाला सोडायचं? पण रक्ताभिसरणाचा धडा होईपर्यंत मी वर्गात होतो, एवढं ध्यानात ठेवा.

नानाला धरून लातूरला नेलं. डॉक्टरनं घोट्यापाशी नाडी चाचपली. सापडेचना.

"आजोबा, बोअरच्या पाइपात क्षार बसले की पाणी कमी येतं ना? तसं तुमच्या पायाच्या रक्तवाहिन्यांत झालंय. आतून चरबी बसून वाट अरुंद झालीय. तंबाखू बंद. तूप, डालडा, तळण बंद. मीठ कमी. भाकरी, डाळ, पालेभाजी खा आणि रोज चाला. कळ आली की थांबा, गेली की पुन्हा चाला. नाही ऐकलं तर पाय जाईल. आणि पायात जे झालंय, ते उद्या छातीतही होऊ शकतं."

बाहेर आल्यावर नाना काय म्हणाला असेल?

"आमच्या बापानं जलमभर वाटीनं तूप पिलं. काय झालं त्याला?"

"बावन्नाव्या वर्षी बांधावर बसल्या बसल्या गेला. ते झालं."

आमची मोठी माणसं अशीच. आधी दाबून खायचं, मग छातीला हात लावून देवाची मर्जी म्हणायचं. देव काय तुमच्या ताटात डालडा वाढायला येतो का?

त्या दिवसापासून नाना माझ्या ताब्यात. डालड्याचा डबा मी कुलपात टाकला. तंबाखूची चंची विहिरीत फेकली. पण दुष्काळ एवढा, की विहिरीत थेंब नाही! दुसऱ्या दिवशी बघतो तर नाना दोराला आकडा बांधून चंची वर ओढून राहिलेला.

"नाना!"

"बादली पडली, बादली."

"मग त्या बादलीला चुन्याची डबी कशी?"

रोज पहाटे मी त्याला चालायला न्यायचो. तो चालायचा, मी पळायचो. कारण माझंही एक काम होतं. लातूर नवा जिल्हा झालेला, आणि पोलीस भरती निघालेली. कॉलेज सोडल्यापासून गावानं माझं नाव 'अर्धवट' ठेवलं होतं. ते पुसायला मला खाकीच पाहिजे होती, दुसरं काही चालणार नव्हतं. सहा महिने पळालो. घड्याळ लावून पळालो. मैदानाची तारीख आली ती नेमकी येळवसच्या दुसऱ्या दिवशी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. त्या दिवशी गावात कुत्रं राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची झोपडीवजा कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पुजायचे आणि जेवायचं. नुसतं आपल्या शेतात नाही. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून बसवायचं. हाक आली की जायचं, आणि ताटात टाकायचं नाही. त्यात दुष्काळ. तसल्या वर्षात कुणाच्या ताटात अन्न टाकलं तर पुढच्या पिढीला त्या घरची पोरगी मिळायची नाही!

एरवी येळवसचं जेवण डॉक्टरनंच लिहून दिल्यासारखं. हिरव्या शेंगांची भज्जी, म्हणजे तळण नाही, शिजवलेली मिसळीची भाजी, आणि ज्वारीची आंबील. पण त्या साली शेतात हिरवी काडी नव्हती. मग बायांनी काय केलं? रेशनचं पामतेल कढईत ओतलं आणि पुऱ्या, भजे, सांजोऱ्या तळत सुटल्या.

पहिली हाक गुंडाप्पा मामांची. बसलो. त्यांच्या सुनेनं दोघांपुढं ताटं ठेवली. पुऱ्यांचा ढीग, तेल निथळतंय. नानानं ताटाकडं बघितलं. मी नानाकडं बघितलं. सहा महिन्यांची मेहनत त्या ताटात बुडताना दिसली मला!

मी ताट माझ्याकडं ओढलं.

"आरं, ऐक तर—" नाना म्हणाला.

"नाना, गप. एक शब्द न्हाई."

"आरं पण मी काय म्हणतो—"

"तुमी काय म्हणणार ते सहा महिन्यांपासून पाठ हाय मला. आंबील प्या."

टाकायचं तर नाही. मग नानाच्या वाटणीचंही मीच खाल्लं. गुंडाप्पा मामा टकामका बघत राहिले. कोपीपाशी एक झाकलेलं ताट होतं, त्याच्याकडं बोट करून काहीतरी म्हणणार होते. मला वाटलं, पांडवांचा निवद. मी हात जोडले आणि उठलो.

दुसरं शेत सरूमावशीचं. तिथं दोन्ही ताटं आधीच मांडलेली, पहिल्यापेक्षा उंच. तिसऱ्या शेतात त्याहून उंच. मला वाटलं, ह्या लोकांना नानाचा जीव घ्यायचाय का काय! मी खाल्लं. चौथ्या शेतात तर पोरं गोळा झाली होती, माझ्याकडं बघून हसत होती. मी तेही खाल्लं. पोट पखालीवानी झालं, पण छाती त्याच्याहून फुगली होती. माझ्या चुलत्याच्या नसेत चरबीचा एक कणही मी जाऊ दिला नव्हता. डॉक्टर असता तर त्यानं मला तिथंच डिग्री दिली असती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लातूर. नानाही संगं. "डॉक्टरला पाय दाखवतो आन् तुझं पळणंबी बघतो," म्हणाला.

शिट्टी वाजली. पहिली फेरी मी सगळ्यांच्या पुढं होतो, हे नोंदवून ठेवा. दुसऱ्या फेरीत सरूमावशीच्या सांजोऱ्या हलल्या. तिसऱ्या फेरीत चारही शेतं एकदम वर आली. पुढचं विचारू नका. मैदानाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, चुन्याच्या रेषेवर, हातापायांवर पडलो. भर जिल्ह्यासमोर येळवस बाहेर आली!

आणि तेवढ्यात बघतो, फाटकातून नाना निघालेला. चालत. चाळीस पावलं झाली. थांबला नाही. शंभर झाली. एका ओळखीच्या हवालदारानं त्याला रामराम घातला. नानानं नुसता हात वर केला. म्हैस विचारली नाही! आख्खं मैदान तोडून तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"ऊठ. कळ आली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं."

"नाना, तुमच्या वाटचं खाऊन मेलो मी."

"माझ्या वाटचं?" नाना खाली बसला. "आरं गाढवा, मी आदल्या दिशीच समद्यांना निरोप धाडला होता, की मला तळलेलं चालत न्हाई. माझं ताट येगळं काढून झाकून ठेवलं होतं परत्येक कोपीपाशी. भाकर आन् सुक्या डाळीची भज्जी. गुंडाप्पाच्या सुनंला म्हाईत नव्हतं, म्हणून तिनं माझ्यापुढंबी पुऱ्या ठेवल्या. तू दोनी ताटं वढलीस. मग पुढं बोंब झाली, की भरतीचं पोरगं दोन ताटं खातंय, जास्तीचं करा. ती दोनी ताटं तुझीच होती, बाबा. मी दिसभर आंबिलीवर काढला."

"मग बोलायचं ना!"

"तू बोलू दिलंस?"

डॉक्टरनं त्या दिवशी नानाच्या घोट्यापाशी बोट ठेवलं. बारीक लागली, पण नाडी लागली. "कुणी केलं हे?" म्हणाले. नानानं माझ्याकडं हात केला. मी बाकावर लिंबूपाणी धरून बसलो होतो. नानाचे दोन्ही पाय आजही जागेवर आहेत, ते माझ्यामुळं. हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगतो, नानासमोरसुद्धा.

भरतीच्या यादीत माझं नाव आलं नाही. पुढची भरती निघाली तेव्हा वय निघून गेलं होतं.