साक्षीला कॅसेट

घोडेगावच्या एसटी स्टँडाजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. आठ फूट लांब, सहा फूट रुंद. आत मी, एक डेक, दोन स्पीकर आणि भिंतभर कॅसेटी. बाहेर एक बाकडं. डोंगराकडच्या गाड्या वेळेवर सुटत नसत, त्यामुळे बाकड्याला माणसांची कधी वाण पडली नाही. दुकानात मात्र क्वचित कुणी शिरायचं. मला त्याचं दुःख नव्हतं. मला गिऱ्हाइकापेक्षा प्रेक्षक लागतो. तो असला की मी चहासुद्धा नाटकातल्यासारखा पितो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा माझ्या एका दोस्तानं अल्बम काढला. रॅपचा. हा माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, जुन्नरला एका मंडपवाल्याकडे साउंडच्या कामाला. एका लग्नात पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या वॉकमनवर त्यानं अमेरिकेतलं रॅप ऐकलं, त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि त्या दिवसापासून तो कामातून गेला.

त्याचं गाव धरणात बुडालेलं. तो शाळेत असताना पाणी आलं, आणि माणसं जागा मिळेल तिकडं पांगली. अल्बममध्ये त्यानं तेच गाव घेतलं होतं. नदीपासून सुरुवात करून वरल्या आळीपर्यंत, एकेक घर, ओळीनं. कुठलं घर कशाला लागून, ओटा किती पायऱ्यांचा, विहीर डावीकडं की उजवीकडं. चाल नाही, कडवं नाही, पेटी नाही, ढोलकी नाही. ठेक्याला पिठाच्या गिरणीचा पट्टा, मधूनच एसटीचा गिअर पडल्याचा कडकडाट, आणि त्यावर हा एका दमात बोलत सुटलेला. आणि एक कडक नियम: माणसाचं नाव एकही नाही. फक्त घरं.

"माणसं कुठं बुडालीत?" तो म्हणायचा. "बुडाली ती घरं."

मला हे इतकं आवडलं की मी टाळीच वाजवली. कॅसेटी माझ्याच डेकवर निघाल्या, वीसएक. मग मी योजना काढली: बाकड्यावर बसून ज्यानं ऐकलं त्यानं मत सांगायचं, आणि मी ते उरलेल्या कव्हरांच्या पाठीवर टिपून ठेवायचं.

"मत मागतोय म्हंजी उभा ऱ्हातोस का काय?" पहिल्याच दिवशी एकानं विचारलं.

त्यातली काही कव्हरं अजून माझ्याकडे आहेत. एक कंडक्टर: "हे गाणं चालू कवा व्हणार?" मी म्हटलं, संपलं की. एक भाजीवाली बाई: "दळण टाकलंय का कुणी? माझं बी पायलीभर व्हतं." भजनी मंडळाचे एक बुवा पाच मिनिटं डोळे मिटून बसले आणि उठताना म्हणाले, "हा तलाठी गातो बरा." पिंपरी पेंढारच्या एका बँडवाल्यानं गंभीरपणे विचारलं, "वरातीला चालंल का? घोडं बिथरणार न्हाई ना?" मी प्रत्येक मत मोठ्यानं वाचून दाखवायचो, आवाज बदलून. दोस्त ओशाळून हसायचा आणि म्हणायचा, "आणखी वाच."

मग त्या गावचे लोक यायला लागले. बातमी कशी पसरली कोण जाणे. त्यांना ठेका, गाणं, रॅप कशाशीच काही नव्हतं. ते ऐकायचे ते पाहणी करायला आल्यासारखे, आणि त्यांची मतं वेगळीच असायची.

"आमची विहीर राहिली की राव."

"तिसरं घर न्हवं त्ये, चवथं. तिसरं पडकं व्हतं."

"पायऱ्या तीन न्हाईत, चार. चवथी मातीत गेल्याली. आमाला ठावं."

दोस्त हरखून गेला. घोडं बिथरेल का विचारणाऱ्यांपेक्षा ही माणसं त्याला हवी होती. तो सगळ्या चुका वहीत लिहून घ्यायचा आणि दुपारी माझं शटर अर्धं ओढून पुन्हा रेकॉर्ड करायचा. असा दुसरा अल्बम झाला. तेच गाव, दुरुस्त केलेलं. दुसऱ्यालाही दुरुस्त्या आल्या. कोणत्या कलावंताला एवढे बारकाईनं ऐकणारे मिळालेत सांगा!

तिसऱ्याच्या तयारीत होतो तेव्हा एक म्हातारबाबा आले. खांद्यावर घोंगडी, पायात जाड वहाणा. पिंपरी पेंढारहून निघून नारायणगावला गाडी बदलून आलेले. अख्खी दुसरी कॅसेट ऐकून झाल्यावर म्हणाले,

"समद्यांची घरं हायती. माझंच न्हाई."

दोस्ताला ते घर आठवेना. बाबांनी सांगितलं: वरल्या आळीचं शेवटचं, दोन खणांचं, दारात उंबर, मागं मेंढरांसाठी दगडी कोंड. मेंढरांचीच माणसं ती. मग बोलता बोलता बाकीचं निघालं. विस्थापितांच्या यादीतही त्यांचं घर नव्हतं. मोजणीवाले आले तेव्हा घर बंद सापडलं, म्हणून कागदावर 'राहत नाही' असं लागलं. यादीत नाव नाही म्हणून नव्या गावठाणात जागा नाही. मेंढरं विकून ते लेकीकडे राहत होते, जावयाच्या गोठ्याला काढलेल्या पडवीत.

"जावई वंगाळ न्हाई," बाबा म्हणाले. "पर जावयाच्या दारात मराय नगं मला. दोन शेजाऱ्यांचे जबाब दिल्यात. सायेब म्हनला, बघू, व्हईल."

"घर घेतो बाबा," दोस्त म्हणाला. "आणखी सांगा. घरात काय काय होतं?"

"मालकीन व्हती. तिथंच गेली की ती. ऐन श्रावनात, चुलीम्होरं. तिचं नाव घाला."

दोस्तानं वही पुढं ओढली. त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तो नियम मोडणार. आणि इथं मी पुढं सरसावलो. कलेच्या बाजूनं, अर्थातच.

"बाबा, ह्यात माणसांची नावं नाहीत. एकाचं घातलं की सगळ्यांची घालावी लागतील. घराचं सांगा, घराचं. दाराला काय होतं?"

"दाराला काय असनार? कुलूप." बाबा हसले. "दिवाळी झाली की कुलूप ठोकायचं, मेंढरं घेऊन माळशेज उतरायचा, पावसाच्या तोंडाला वर यायचं."

"कुलूप!" मी ओरडलो. बाकड्यावरचे दोघे दचकले. अल्बमचा शेवट मला डोळ्यांसमोर दिसत होता. मी तिथल्या तिथं उभा राहून ओळी म्हटल्या:

*वरल्या आळीला शेवटचं घर,*
*उंबर दारात, कुलूप दारावर,*
*मेंढरं घाटाखाली, पाणी उंबऱ्यावर.*

"कुलूप कशाला?" दोस्त म्हणाला. "म्हातारी असू दे ना. नाव नको, नुसती चुलीपुढं बसलेली."

"म्हातारीनं शेवट होत नाही. कुलपानं होतो."

शेवटी माझंच ऐकलं गेलं. दुकानाचं कुलूप माइकपाशी धरून मी स्वतः दाबलं. खट्. त्या आवाजावर अल्बम संपायचा. बाबांनी ऐकून मत दिलं, "माझं ह्याच्याहून मोठं व्हतं. पर चालंल." ते मी टिपून घेतलं आणि त्यांना एक कॅसेट दिली. देताना, तोंडाला सवयच ती, मी म्हणालो, "आता तुम्हाला जबाब बिबाब कशाला पाहिजेत? हीच साक्षीला न्या. अख्खं गाव बोलतंय हिच्यात!"

बाकडं हसलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी कॅसेट घोंगडीच्या घडीत ठेवली.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. धुवट धोतर, डोक्याला कोरा फेटा, हातात जावयाचा टेपरेकॉर्डर, त्यात नवे सेल. "चला," म्हणाले. "तुमाला बोलाय येतं."

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, मला त्यांची काळजी होती म्हणून नव्हे. सरकारी टेबलावर रॅप वाजणार आणि ते मी पाहणार नाही, हे शक्यच नव्हतं. दोस्त लग्नाच्या मंडपात अडकला होता, नाहीतर त्यानं आम्हाला अडवलं असतं असं मला आता वाटतं.

कचेरी कुठली ते सांगत नाही. टेबलं टेबलांसारखी होती. कारकून आधी हसला, मग म्हणाला, लावा. गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. शिपाई दारात येऊन पायानं ठेका धरू लागला. आतून साहेब आले. वयस्क, सभ्य माणूस. कुणी टेप बंद करायला हात पुढं केला तर त्यांनीच थांबवलं. उभ्यानं ऐकत राहिले. नदीकडचं पहिलं घर, दुसरं, पडकं तिसरं. एका घरापाशी त्यांनी मान हलवली, कारण ते त्यांनी पाहिलेलं असावं. मी कारकुनाला डोळा मारला. मनातल्या मनात मी हा प्रसंग बाकड्यावर सांगायलाही लागलो होतो.

शेवटचं घर आलं. खट्.

"शेवटचं परत लावा," साहेब म्हणाले.

मी मोठ्या हौसेनं मागं घेऊन पुन्हा लावलं.

"हे तुमचं घर?"

"व्हय जी." बाबांची छाती फुगलेली.

"कुलूप कधी असायचं?"

"दिवाळीपासनं पावसापतोर. मेंढरांमागं जायचो आमी."

साहेबांनी फाइल मागवली. पानं उलटली. मग खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, तुमच्या दोन्ही शेजाऱ्यांनी लिहून दिलंय की तुम्ही बारा महिने त्या घरात होता, आणि मोजणीच्या दिवशी तेवढे बाजाराला गेला होता. त्यावर मी हे मंजूर करणार होतो. पुढच्या आठवड्यात."

टेप तशीच फिरत होती. तिच्यात पुढं काही नव्हतं.

"जबाबात काय लिवलंय मला ठावं न्हाई जी," बाबा म्हणाले. "त्यांनी मायेनं लिवलं आसंल. पर खरं ह्येच हाय. कॅसेटीत हाय त्ये."

मी बोललो. बोलायलाच तर मला नेलं होतं. मेंढरांच्या माणसाच्या घराला कुलूप असलं तरी ते घरच असतं, असं मी तीन प्रकारे सांगितलं. साहेबांनी तिन्ही वेळा मान हलवली. "पटतं मला," ते म्हणाले. "पण इतक्या लोकांसमोर ऐकलेलं न ऐकलेलं कसं करू?" दारातला शिपाई तोवर निघून गेला होता.

परतताना गाडीत बाबा खिडकीकडं बघत होते. नारायणगाव आल्यावर एवढंच म्हणाले, "तेवढं कुलूप काढता यील का?"

दोस्तानं काढलं. ब्लेडनं पट्टी कापली, वीतभर, आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. शेवटचं खट् पुसून टाकलं. आता उंबर दारात म्हणताच एक हिसका बसायचा आणि एकदम पाणी यायचं. बाबा ती घेऊन एकटेच पुन्हा कचेरीत गेले. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि कॅसेट न लावता परत दिली.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. पडवीतच.

दोस्तानं साउंडचा मिक्सर विकला आणि चाकणला एका कंपनीत लागला. चौथा अल्बम झाला नाही. दुरुस्त्या सांगायला लोक येत राहिले, मी लिहून घेत राहिलो, मग तेही थांबले. कॅसेटींची सद्दी संपली तसं मी दुकानात मोबाइलची कव्हरं लावली. बाकड्यावर ही गोष्ट मी पुष्कळदा सांगितली. घोडं बिथरेल का, दळण टाकलंय का, शिपायाचा ठेका, सगळं आवाज काढून. कचेरीत टेप वाजते तिथंच मी थांबायचो. लोक पोट धरून हसायचे.

एकदा अशीच हसाहस चाललेली असताना एक बाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. बाबांची लेक. लेण्याद्रीला दर्शनाला आली होती, तिथून मुद्दाम इकडं. पिशवीतून तिनं कॅसेट काढली, ती कापून जोडलेली.

"ही तुमची. आमच्या घरात आता टेप न्हाई."

मी चहा सांगितला, तिनं नको म्हटलं. मग मला राहवेना. मी विचारलं, बाबा कधी काही म्हणाले का हिच्याविषयी? कुलपाविषयी?

"कुलपाचं न्हाई म्हनला कधी," ती म्हणाली. "ऐकायचा मातुर रोज. म्हनायचा, गानं बराबर हाय, पायऱ्या बराबर हायती, विहिरी बराबर हायती. पर यवढ्या घरांत मानूस येकबी न्हाई."

ती गाडीकडं गेली. मी सवयीनं कव्हर शोधायला खण उघडला, पेन हातात घेतलं आणि तसाच बसलो. तिची आई चुलीपुढं गेली होती, ऐन श्रावणात, त्याच घरात, कुलूप नसलेल्या दिवसांत. गाव तिच्या मातीला आलं असणार, तेवढी साक्ष पुरली असती. तिला गाण्यात घालू नका म्हणणारा मी.

दोस्ताला फोन लावला. मागं मशिनांचा आवाज होता. लेकीनं सांगितलेलं मी जसंच्या तसं सांगितलं, आवाज न काढता. त्यानं एवढंच विचारलं,

"कुठल्या कॅसेटीबद्दल म्हणाली? तिसऱ्या?"

"हो."

"मग बरोबर आहे. तिच्यातच म्हातारी बसायची होती," तो म्हणाला, आणि शिफ्ट आहे म्हणून फोन ठेवला.

ते मत मी कव्हरावर लिहिलं नाही. कापलेली वीतभर पट्टी खणात आहे. कुलूप अजून शटरला तेच आहे.