भाऊजींची उंच फेक

आमच्या थोरल्या भाऊजींच्या घरी वस्तू कोणी कोणाला देत नाही, ती हवेतून येते. आरमोरीजवळच्या त्या घरात किल्ली, लिंबू, साबण, सगळं उडत असतं. माझी बहीण भाकरी थापतानाही एक डोळा वर ठेवते. बरं, फेक साधी नाही. अंगणात उभं करून ते मला दोन सुपाऱ्या फेकून दाखवत. जोर तेवढाच; एक जमिनीला धरून, दुसरी पार आभाळाकडे, आणि दोन्ही त्याच फरशीवर! "हे पाह्य, जागा एकच, पण वरची उशिरा येते. ना उभी ना आडवी, बरोब्बर मधात फेकली त सबसे दूर जाते. आता सांग, काऊन?" काऊन, म्हणजे का, ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्याचा त्यांना केवढा आनंद!

आवड मात्र उंच फेकीची. वस्तू जास्त वेळ वर राहते, बघायला मिळते, एवढंच कारण. लग्नात यांच्या अक्षता मंगलाष्टकाचं पुढचं कडवं सुरू झाल्यावर नवरदेवाच्या डोक्यावर उतरतात. कोणी सपाट फेकल्या की म्हणतात, "हे फेकणं नाई, मारणं होय."

गेल्या पावसाळ्यात नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, बुडाला. पलीकडे भाऊजींचा जुना दोस्त राहतो, तळ्यात मासे धरतो. त्याच्या बायकोच्या फिटच्या गोळ्या संपल्या होत्या. भाऊजींनी गोळ्या आणल्या, निम्म्या निम्म्या करून दोन पुड्या बांधल्या, प्रत्येकीत वजनाला खडा. पहिली सवयीनं उंच सोडली. सुरेख गेली. पण वर रेंगाळली तेवढ्यात समोरच्या वाऱ्यानं तिला मागं ढकललं आणि ती पाण्यात पडली.

"भाऊ, आता एकच राह्यली ना?" दोस्त पलीकडून ओरडला.

भाऊजींचा चेहरा उतरला. "वर लय वेळ राह्यली, वाऱ्याले सापडली," ते पुटपुटले. मग वाकून, दात आवळून दुसरी पुडी त्यांनी सपाट भिरकावली. ती दोस्ताच्या छातीवर आदळली. त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"लागलं काय बे?"

"लागू दे ना!" तो हसत होता, रडतही होता.

त्याची बायको आता बरी आहे. भाऊजी मात्र अजून मधेच, जेवता जेवता विचारतात, "दुसरीबी पाण्यात गेली असती त?" मी काही बोलायला जावं, तोवर ते हात धुवायला उठलेले असतात. अशा वेळी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते.