पेण-रोहा मॉडमधला गणपती

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करून घरी येईपर्यंत माझंच भूत झालेलं असतं, दुसऱ्या भुतांना वेळ कोण देणार... तरी हे लिहितोय.

मोठा भाऊ पेणच्या गणपती कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचा. डावा डोळा किंचित झोपाळू काढायची त्याची खोड. मालक सांगून थकले. आम्हा दोघांना ट्रकच्या गेमचा नाद. त्या गेमला जोडायला आम्ही घरीच मॉड बनवला, म्हणजे आपला स्वतःचा जादा नकाशा — पेणच्या रामवाडीपासून रोह्याला आमच्या दारापर्यंतचा रस्ता, खड्ड्यांसकट, आणि टेम्पोत गणपती. तोंडावर कापड, आपल्याकडे आणतात तसं. कापडाखाली दादाने चेहरा कोराच ठेवला. म्हणाला, "माऊसने डोळे नाय आखायचे."

दादा गेल्या वर्षी अचानक गेला. नंतर गेमवाल्यांनी स्वतःचं अधिकृत कोकण आणलं. गुळगुळीत रस्ता, जिथे तिथे नारळ, आणि गणपती उघड्या तोंडाने ट्रकमध्ये! आमचा मॉड घेऊन खेळणारे लोक तिकडे वळले. दर अपडेटला आमचा मॉड मोडायचा, आणि शिफ्टवरून येऊन मी तो जोडत बसायचो. जीव विटला होता. पण दादाच्या हातचं तेवढंच उरलेलं, पुसवतही नव्हतं.

एका रविवारी दुपारी शेवटी ठरवलं, पुसायचा. वहिनी शेजारी वाल सोलत होती, तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "एकदा घरापर्यंत आणा भाऊजी, मग काय ते करा."

आणला. टेम्पो आमच्या दारात थांबला आणि मूर्तीवरचं कापड गेलं. अपडेटने पुन्हा काहीतरी मोडलं असणार, म्हणून कॅमेरा मागे फिरवला... चेहऱ्याला डोळे होते. डावा झोपाळू.

वहिनीचे हात थांबले. मी मूर्तीची फाईल उघडून पाहिली — चेहरा कोराच. आणि माझ्या कॉम्प्युटरवरच्या त्या फाईलला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

"घरी आला ना," वहिनी म्हणाली. "कापड घरी आल्यावरच काढतात."

ती उठली, तबक आणलं आणि स्क्रीनला ओवाळलं. मला हसू आलं नाही, रडू आलं.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. मॉड पुसलेला नाही. पुढचं अपडेट येईल, पुन्हा मोडेल... थकलोय खरा, पण जोडत बसेन.